कव्हर कुठं गेलं?

कुठल्याही तालुक्याच्या गावात एसटी स्टँडच्या मागच्या रस्त्याला फॅब्रिकेशनची दोन-तीन दुकानं असतातच. भिंतीला टेकवलेलं, रेड ऑक्साइड मारलेलं अर्धवट गेट, शटरच्या पट्ट्या, चौकोनी पाइपांचा ढीग आणि मधोमध उकिडवा बसलेला एखादा तरुण. पायात स्लिपर, हातात चार इंची ग्राइंडर. ठिणग्यांचा पिसारा रस्त्यापर्यंत येतो आणि शाळेतून परतणारी पोरं तो बघत उभी राहतात. मशीनकडं जरा निरखून पाहिलं तर त्याची चकती उघडीच असल्याचं दिसतं. नवं मशीन खोक्यातून निघतं तेव्हा चकतीच्या निम्म्या घेरावर पत्र्याची अर्धगोल टोपी असते. बोलीभाषेत तिला कव्हर म्हणतात. तेच कव्हर आता कोपऱ्यातल्या फळीवर उताणं पडलेलं असतं आणि त्यात वॉशर, रिव्हेट आणि एखादी विडी ठेवलेली असते.

ते काढलं कुणी, असं विचारलं तर उत्तर सहसा बेफिकिरीचं नसतं. एकदा गंज काढायला तारेचा वाटीसारखा ब्रश लावायचा होता, त्याला कव्हर आडवं आलं, म्हणून काढलं. मग पुन्हा चकती लावली, कव्हर राहून गेलं. कधी अँगलच्या आतल्या कोपऱ्यात चकती पोचत नव्हती. कधी चार इंची चकती कमी पडते म्हणून पाच इंची लावली, ती कव्हरात मावेना. एकेक कारण कामातूनच आलेलं असतं. म्हणूनच ‘सुरक्षा पाळा’ असं लिहिलेला फलक दुकानात लावून फारसं काही बदलत नाही. कव्हर काय काम करतं हे आकड्यांत समजून घेतलं तर कदाचित बदलेल.

चार इंची ग्राइंडरवर बहुधा ११,००० आरपीएम लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला ११,००० फेरे, सेकंदाला १८३. चकतीचा व्यास १०० मिलिमीटर. गुणाकार केला की चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण ५७ मीटर निघतो. तासाच्या हिशेबात २०७ किलोमीटर. चकतीचा तुकडा उडाला तर तो सुरुवातीला याच वेगानं निघतो, आणि निघतो तो चकतीच्या पातळीतच, घेराला स्पर्शून सरळ. मशीन धरणाऱ्याचा चेहरा बहुतेक वेळा त्याच पातळीत असतो, कारण कापताना खूण दिसावी म्हणून माणूस चकतीच्या अगदी वर वाकलेला असतो. कव्हरचा अर्धगोल त्याच्या बाजूला का असतो, याचं उत्तर एवढंच. ते सैल करून फिरवता येतं. कामाचा कोन बदलला तर कव्हरचाही बदलावा, अशी ती योजना आहे.

आता मोठ्या चकतीचा हिशेब. कापायच्या चांगल्या चकतीवर दोन गोष्टी छापलेल्या असतात: कडेचा जास्तीत जास्त वेग, सहसा सेकंदाला ८० मीटर, आणि त्यानुसार चालणारे जास्तीत जास्त फेरे. १०० मिलिमीटरच्या चकतीला हा आकडा सुमारे १५,३०० असतो, १२५च्या चकतीला १२,२००, आणि १८० मिलिमीटरच्या, म्हणजे सात इंची चकतीला फक्त ८,५००. ११,००० फेऱ्यांच्या मशीनवर पाच इंची चकती लावली तर ती आकड्यांत बसते, कव्हरात बसत नाही. सात इंची कशातच बसत नाही. तिच्या कडेचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो. फिरणाऱ्या चकतीवरचा ताण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळं ८,५००च्या जागी ११,००० फेरे म्हणजे ताण दीडपटीहूनही जास्त. शिवाय चार इंची मशीनच्या चकतीचं भोक १६ मिलिमीटरचं असतं आणि मोठ्या चकत्यांचं २२ मिलिमीटरच्या जरा वर. मग त्यात पत्र्याची पट्टी गुंडाळून चकती बसवतात. ती कणभर बाजूला बसली तरी सेकंदाला १८३ वेळा हादरे देते.

ही चकती लोखंडाची नसते, हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ती खरखरीत कणांची वडी आहे. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण रेझिनमध्ये, म्हणजे एक प्रकारच्या डिंकात, घट्ट बसवलेले आणि आतून काचतंतूंच्या जाळीनं बांधलेले. दुकानात विकत घेताना जी हिरवी जाळी दिसते ती शोभेची नाही. चकतीला तडा गेला तर तुकडे धरून ठेवायचं काम तिचं. रेझिन ओलाव्यानं आणि वयानं कमकुवत होतं. म्हणून चांगल्या चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. औषधाच्या पाकिटावर असते तशी ती मुदतीची तारीख. बनवल्यापासून साधारण तीन वर्षांची. कोकणात पावसाळाभर ओल्या फरशीवर पडून राहिलेल्या चकत्यांचं काय होत असेल, हे सांगायला नको.

आणि पातळ चकती फक्त कापण्यासाठी असते. एक-दीड मिलिमीटर जाडीची चकती आडवी धरून वेल्डिंगचा उंचवटा घासणं हा रोजचा उद्योग आहे, कारण चकती बदलायला पाना शोधावा लागतो. घासायची चकती सहा मिलिमीटरची असते ती उगाच नव्हे.

हाताच्या मशीनचा इतिहास फार जुना नाही. जर्मनीत श्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं १८९५ साली विजेवर चालणारं हाती ड्रिल बनवलं, पण ते धरायला अवघडच होतं. अमेरिकेत बाल्टिमोरच्या ब्लॅक आणि डेकर या जोडीनं १९१४ साली पेटंटचा अर्ज केला, १९१७ साली ते मिळालं. त्यांनी ड्रिलला पिस्तुलासारखी मूठ दिली आणि बोटाखाली घोडा दिला. बोट दाबलं की चालू, सुटलं की बंद. आज ही गोष्ट इतकी सवयीची आहे की तिच्यातली शहाणीव दिसत नाही. माणूस घसरला, दचकला, तर हात सुटतो आणि मशीन आपोआप थांबतं. ग्राइंडर त्यामानानं अलीकडचा. श्टुटगार्टजवळच्याच फ्लेक्स कंपनीनं तो १९५४ साली आणला, आणि जर्मन माणूस आजही कुठल्याही कंपनीच्या ग्राइंडरला फ्लेक्सच म्हणतो.

आपल्याकडच्या स्वस्त ग्राइंडरला मात्र बहुतेक वेळा सरकवायचं बटण असतं. पुढं सरकवलं की अडकून बसतं आणि हात सुटला तरी मशीन फिरत राहतं. यातला खास आपला धोका भारनियमनाचा. काम चालू असताना लाइट जाते. मशीन थांबतं, कारागीर ते खाली ठेवतो, चहाला जातो. बटण पुढंच असतं. वीस मिनिटांनी लाइट येते आणि फरशीवर पडलेलं मशीन स्वतःहून जागं होऊन चकतीच्या जोरावर दुकानभर नाचायला लागतं. महागड्या मशिनांत वीज परतल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय असते. स्वस्त मशीनमध्ये ती सोय फक्त एका सवयीत आहे: लाइट गेली की आधी बटण मागं आणि मग पिन काढायची.

चकती फुटण्यापेक्षा जास्त वेळा घडतं ते वेगळंच. मशीन उसळतं. हे कसं होतं ते एका पाइपावरून कळेल. दीड इंची चौकोनी पाइप दोन विटांवर आडवा ठेवला, एक टोक पायानं दाबलं आणि बरोबर मधोमध कापायला घेतला. चकती तीन बाजू कापून खाली जाते तसा पाइप मध्ये खचायला लागतो. खचला की वरची चीर मिटते आणि चकतीला दोन्हीकडून चिमटा बसतो. मोटर थांबत नाही. चकती अडली म्हणून तिचा सगळा जोर मशीनवर येतो आणि ते कारागिराच्या मांडीकडं, छातीकडं झेपावतं. हे इतक्या झटक्यात होतं की हात आवरेपर्यंत झालेलं असतं. तोच पाइप व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पनं बाकाला आवळला आणि कापायचं टोक अधांतरी ठेवलं, तर तुटत आलेला तुकडा खाली झुकतो आणि चीर मिटण्याऐवजी उघडते. सगळा फरक एवढाच. बाजूला लावायची जी आडवी मूठ मशीनबरोबर येते, ती या उसळीसाठी असते. तीही बहुधा कव्हराशेजारीच फळीवर असते.

सुताराची गोष्ट निराळी नाही. फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू असेल तर हॉलच्या मधोमध प्लायचं टेबल दिसतं आणि त्याच्या पोटाला लाकूड कापायचं हाती कटर उलटं बसवलेलं असतं. पातं टेबलातून वर आलेलं, बटण लॉक केलेलं, पात्यावरचं झाकण मागं बांधून टाकलेलं. जुगाड म्हणून ते हुशारीचं आहे. टेबल-सॉची किंमत सुताराला परवडत नाही. पण हाताच्या मशीनचं सगळं संरक्षण ते हातात असेल असं धरून केलेलं असतं, आणि इथं ते उलटं टांगलेलं. अमेरिकेत स्टीफन गास नावाच्या, भौतिकशास्त्र शिकलेल्या पेटंट वकिलानं १९९९च्या सुमारास मांस ओळखणारं पातं शोधून काढलं. पात्यातून सूक्ष्म विद्युत संकेत फिरतो, बोट लागलं की तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ते ५ मिलिसेकंदांच्या आत थांबवतो. प्रात्यक्षिकात बोटाच्या जागी सॉसेज धरतात. आपल्या सुताराला निदान लाकूड पुढं ढकलायला एक काठी पुरेशी आहे, आणि ती त्याच्याच भुश्यात पडलेली असते.

लाकूड कापायचं दात्यांचं पातं काही जण ग्राइंडरवरही चढवतात. हा प्रकार मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. लोखंड कापणारी चकती घासत पुढं जाते, दाते लाकडाला चावतात. गाठ लागली की उसळी ठरलेली.

ड्रिलच्या बाबतीत लोक उलटी काळजी घेतात. ‘हात सांभाळायला’ सुती हातमोजे घालतात. फिरणाऱ्या टोकाशी मोज्याचा एक धागा लागला तर मोजा गुंडाळला जातो, आणि मोज्यात हात असतो. मनगटावरचा गंडा, गळ्यातला गमछा, ओढणीचं टोक, अंगठी यांचंही तेच. १९४८च्या कारखाना कायद्यात चालत्या यंत्रापाशी काम करणाऱ्याला अंगाबरोबर बसणारे कपडे हवेत आणि ते मालकानं द्यावेत, असं कलम २२ मध्ये सांगितलं होतं. फिरत्या भागांना कुंपण कलम २१ मध्ये, डोळ्यांसाठी चष्मा कलम ३५ मध्ये. पण त्या कायद्याच्या मूळ व्याख्येत वीज वापरणारा कारखाना म्हणजे किमान दहा कामगार. तिघांचं फॅब्रिकेशनचं दुकान त्यात येतच नव्हतं. मळणीयंत्रात हात जाऊ लागले तेव्हा केंद्रानं १९८३ साली धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा केला. हातातल्या मशीनच्या नशिबी तेवढंही आलं नाही.

विजेची भानगड वायरच्या टोकापासून सुरू होते. मशीनची पिन तुटते, नवी आणायला वेळ नसतो, मग वायरची दोन उघडी टोकं बोर्डाच्या भोकांत खुपसून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट करतात. साइटवर हे दृश्य इतकं सरावाचं आहे की त्याकडं कुणी वळूनही पाहत नाही. पुष्कळ मशिनांच्या वायरीत दोनच तारा असतात, अर्थिंगची तिसरी नसते, ते मात्र वैगुण्य नव्हे. मशीनच्या पाटीवर एका चौकोनात दुसरा चौकोन काढलेला असेल तर आतून दुहेरी इन्सुलेशन आहे असा त्याचा अर्थ. अशा मशीनला अर्थिंग लागत नाही. पण हे इन्सुलेशन कोरडं असेपर्यंतचं. फरशीवाला मार्बल कटर चालवतो तेव्हा धूळ बसावी म्हणून दुसरा माणूस बाटलीतून पाणी सोडत असतो, आणि जोडाचा टेप लावलेली वायर त्याच पाण्यात असते.

इथं लोकांचा भरवसा ‘ट्रिप होईल की’ यावर असतो. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. ८५० वॉटचा ग्राइंडर स्वतःच चारेक अँपिअर घेतो. माणसाच्या अंगातून ०.१ अँपिअर गेला तर जीव जाऊ शकतो, एमसीबीला मात्र त्याची खबरही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो. तो जाणारी आणि परत येणारी वीज ताडून बघतो आणि ०.०३ अँपिअरची, म्हणजे ३० मिलिअँपिअरची तफावत दिसली की तोडतो. घरात तो नसेल तर फर्निचरचं काम काढण्याआधी बसवून घ्यावा. सनमायकाच्या रंगावर जेवढी चर्चा होते तिच्या दहाव्या हिश्श्यात हे काम होतं.

आवाज आणि धूळ यांनी रक्त येत नाही, म्हणून त्यांना कुणी अपघात मानत नाही. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम चालतं, आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी करावी असा अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचा दंडक आहे. ग्राइंडरचा आवाज शंभराच्या घरात जातो. हिशेब केला तर दिवसाला १५ मिनिटं उरतात. ग्रॅनाइटचा ओटा जागेवर कापताना जी पांढरी धूळ उडते तिच्यात स्फटिकी सिलिका असते, आणि ती फुप्फुसात कायमची राहते. कृत्रिम दगडाच्या ओट्यांत तिचं प्रमाण फार, म्हणून ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४पासून तशा दगडावर बंदीच घातली. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ थांबत नाही.

डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण रुमालाच्या टोकानं काढायची पद्धत अजून आहे. कण निघाला तरी काही तासांतच बुबुळावर त्याच्या गंजाचं कडं उमटतं आणि ते डॉक्टरलाच खरवडावं लागतं. वेगानं आलेला कण कधी आत घुसतो आणि दुखतही नाही. एमआरआय काढण्याआधी ‘कधी ग्राइंडिंग-वेल्डिंगचं काम केलंय का?’ असं विचारतात ते यामुळंच. त्या चुंबकानं डोळ्यातला विसरलेला कण हलू शकतो.

राहता राहिली देखभाल. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, मशीन पुसलं जातं. हळदकुंकू, झेंडू, समोर नारळ. त्या दिवशी ते सगळ्यात स्वच्छ असतं आणि दुसऱ्या दिवशी विकत आणलेल्या नव्या मशीनसारखं हलकं चालतं, हा पूजेचा नव्हे तर पुसण्याचा गुण. ग्राइंडर मागच्या फटींतून हवा ओढून मोटर गार ठेवतो. त्याच हवेबरोबर लोखंडाची भुकटी आत जाते, आणि लोखंडातून वीज वाहते. पिन काढून, डोळ्यांवर चष्मा लावून आठवड्याला एकदा ब्लोअरनं कोरडी हवा मारली तरी मोटरचं आयुष्य वाढतं.

रिपेअरिंगवाल्याच्या टेबलावर मशीन उघडलं की ते कसं वापरलं गेलं ते सगळं दिसतं. तो आधी दोन्ही बाजूंचे कार्बन काढतो. खडूच्या तुकड्यासारखे हे दोन ठोकळे स्प्रिंगच्या जोरावर फिरत्या आर्मेचरच्या तांब्याच्या कड्याला टेकून वीज पोचवतात आणि झिजत जातात. पाच-सहा मिलिमीटर उरले की बदलायचे, तेही जोडीनंच, कारण एक जुना एक नवा ठेवला तर दोघांचा दाब सारखा राहत नाही. फटींतून बारीक निळसर ठिणगी दिसली तर ठीक. नारिंगी कडंच्या कडं दिसू लागलं, जळका वास यायला लागला, तरी काम तसंच ओढलं की तांबं काळं पडतं, आर्मेचर जातं. कार्बनची जोडी दोन वड्यांच्या पैशात येते. आर्मेचरच्या किमतीत स्वस्त मशीनचा निम्मा-शिम्मा भाव निघतो.

मग तो गिअरची मुंडी उघडतो. ग्रीस काळं, दाण्यांचं झालेलं असतं, ते काढून थोडं नवं भरतो. जास्त भरलं तर ते मोटरवर उडतं. बेअरिंग बोटावर फिरवून कानाशी धरतो. वायर मशीनमध्ये शिरते तिथं वाकवून बघतो, कारण वायर टांगून मशीन उचलायची सवय असते आणि तारा तिथंच आतून तुटतात. सगळं जोडून नवी चकती लावतो, मशीन अंगापासून दूर, जमिनीकडं तोंड करून मिनिटभर रिकामं फिरवतो. फुटायची चकती बहुतेक वेळा त्या पहिल्या मिनिटातच फुटते. आणि गिऱ्हाइकाला विचारतो, ‘कव्हर आणलं नाही?’ गिऱ्हाईक म्हणतं, ‘दुकानात आहे.’